तीन ठोके

रोझविथाने प्रयोगशाळेतल्या सिंकवर चाचणीची प्लेट उलटी करून पाणी झटकलं आणि नेहमीसारखी टॉवेलवर तीनदा ठोकली. बारीक खळग्यांतला, रंगवलेल्या जंतूंचा जांभळा थर बहुतेक निघून गेला. शेजारी वेरोनिकाने तशीच प्लेट हलक्या हाताने धुतली होती. तिचे खळगे गच्च जांभळे होते.

"बघितलंत?" वेरोनिका म्हणाली. "साखर काढलेले जंतू थर जास्तच धरतात. फक्त तो सैल असतो. ठोकलं की सुटतो."

हिरड्या सडवणाऱ्या या जंतूंच्या अंगावर साखरेचं आवरण असतं. ते काढलं की त्यांचा थरच बसत नाही, या शोधावर प्रोफेसर लिंडनर व्हिएन्नात मोठे झाले होते. त्या शोधाच्या सगळ्या प्लेटी रोझविथाने धुतल्या होत्या. वेरोनिकाचे आकडे उलटे येत, म्हणून दोन वर्षं तिचा प्रबंध अडकला होता. वर 'पोरीला हात नाही' हा शिक्का. शेवटी प्रोफेसरांनी तिला धुणं शिकायला रोझविथाकडे धाडलं.

"महिनाअखेर माझी शिष्यवृत्ती संपते, फ्राऊ रोझविथा. खरं लिहिलं तर ते सही करणार नाहीत. तुमच्यासारखं ठोकून धुतलं, तर करतील."

"कॉफी घे आधी," रोझविथा म्हणाली. तिचा स्वतःचा कप तसाच राहिला. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, आणि अठ्ठावीस वर्षं ज्या हाताचं कौतुक झालं तोच हात चुकीचा निघाला होता. बोलावं तर प्रोफेसर बुडतात, न बोलावं तर ही पोर. इकडे आड, तिकडे विहीर. तिला फार लाज वाटली. मग दोन्ही प्लेटी घेऊन ती प्रोफेसरांच्या खोलीत गेली.

"जमलं का तिला?" त्यांनी विचारलं.

"तिचंच बरोबर आहे, प्रोफेसर. चूक माझ्या हातची."

प्रोफेसरांनी प्लेटींकडे पाहिलंही नाही. उठून त्यांनी दार लावून घेतलं.

"माहीत आहे मला. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मी स्वतः हळू धुऊन पाहिलं होतं."

रोझविथाने खुर्चीची पाठ धरली.

"आणि मूग गिळून बसलात?"

"किती जणांनी त्यावर पुढचं काम केलंय, ठाऊक आहे? तुम्ही दीड महिन्यात सुटाल. मी कुठे जाऊ?"

तिला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला. तिने प्लेटी त्यांच्या टेबलावर ठेवल्या, जाऊन दार सताड उघडलं.

"वेरोनिका," तिने हाक मारली, "इकडे ये गं जरा. प्रोफेसरांना तुला काही सांगायचंय."