पट्टीखालची आफ्रिका

साहेब, ती पट्टी तुम्हीच लावायला लावलीत. नाही म्हणू नका. मी तिथेच होतो, भिंतीवर. माझ्याच अंगावर ती चिकटवली गेली.

मित्रांनो, मी जगाचा एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला, शाळेतला नकाशा. सध्या मला गुंडाळून अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांमागे उभं करून ठेवलंय. माझी पूर्व छताकडे आहे आणि पश्चिम उंदरांच्या शेजारी. चौकशी होईपर्यंत इथेच राहायचं, असा हुकूम आहे. चौकशी माझी नाही, भूगोलाच्या बाईंची. पण पुरावा मी आहे, आणि पुराव्याला अडगळीत कोण टाकतं हे तुम्हाला सांगायला नको.

माझा जन्म नकाशांच्या कारखान्यातला. छापलेला कागद कापडावर चिकटवायचं काम एका मावशींकडे होतं. त्या खळ शिजवायच्या, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायच्या. कागदाखाली हवेचा फुगा राहिला, की "जगाला पोट सुटलं गं बाई!" म्हणत तळहाताने दाबून बसवायच्या. शेवटी वॉर्निशचा हात फिरवला, की माझ्यासारख्याचं अंग असं गुळगुळीत होतं की त्यावर पुढे शाई ठरत नाही आणि खळही धरत नाही. हे लक्षात ठेवा. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून ही सगळी गोष्ट घडली.

माझ्या डाव्या कोपऱ्यात एक चौकट आहे, 'खंडांची नावे कशी पडली?' आफ्रिकेसमोर छापलंय, "नावाचा उगम निश्चित माहीत नाही." ज्याने हे छापलं त्याच्याबद्दल मला आदर आहे. थाप मारणं सोपं होतं, जागाही तेवढीच लागली असती.

पहिली काही वर्षं माझा थाट होता. पाहुणे आले की मला उलगडायचे. पोरं नद्यांवरून बोटं फिरवायला बघायची. बाई मात्र बोट लावू द्यायच्या नाहीत, "लांबून बघा, तो काही पळून जात नाही," म्हणायच्या.

मग शिक्षणखात्याचे हे साहेब शाळेच्या तपासणीला आले. सगळं जग सोडून त्यांची नजर नेमकी त्या चौकटीवर गेली.

"शाळेच्या नकाशावर 'माहीत नाही'? पोरांनी काय शिकायचं, माहीत नसणं?"

भूगोलाच्या पुस्तकात एक ओळ होती, आफ्रिका म्हणजे थंडी नसलेला प्रदेश. तीच ओळ साहेबांनी कागदाच्या पट्टीवर लिहून, शिपाईमामांच्या हातून खळीने माझ्या चौकटीवर डकवून घेतली. मामा म्हणालेही, "साहेब, हे टिकेल असं वाटत नाही." साहेब म्हणाले, "तुम्ही लावा हो."

उन्हाळा आला आणि पट्टीचा कोपरा सुटला. वर्गात एक मुलगी होती, आवाजामुळे तिला सगळे टिटवी म्हणायचे. ती भर तासात ओरडली, "बाई, नकाशाने जीभ बाहेर काढलीय!"

वर्ग हसला. बाई जवळ आल्या, तोच पट्टी त्यांच्या हातात गळून पडली. त्यांनी खालची ओळ वाचली. मग पुस्तक मिटून ठेवलं आणि बोलायला लागल्या. तसा तास मी त्याआधी ऐकला नव्हता.

रोमन लोकांना उत्तर किनाऱ्यावर एक जमात भेटली, तिला ते आफ्री म्हणत. आफ्रींचा मुलूख तो आफ्रिका, म्हणजे किनाऱ्याचा एक तुकडा. पण आफ्री हे नाव आलं कुठून? कोणी म्हणतं, तिथल्या बर्बर भाषेत 'इफ्री' म्हणजे गुहा, त्यावरून. कोणी म्हणतं, फिनिशियन लोकांच्या बोलीत धुळीला 'अफर' म्हणत, त्यावरून. कोणाला लॅटिनमधला उन्हाचा शब्द आठवतो. थंडी नसलेला हा अर्थ कोणी तरी ग्रीक शब्द जुळवून काढला. गंमत अशी, की खुद्द ग्रीक त्या भूमीला लिबिया म्हणत. अरबांनी त्याच किनाऱ्याला इफ्रिकिया म्हटलं. चिनी लोक आफ्रिका लिहिताना उच्चारासाठी जे अक्षर घेतात, त्याचा एरवीचा अर्थ 'नाही' असा होतो.

"म्हणजे चुलत्यांनी नाव ठेवलं, मामांनी वेगळं ठेवलं, आणि बाळाला कोणी विचारलंच नाही," टिटवी म्हणाली.

मागच्या बाकावरून एक जण उठला. "बाई, पण तिथे वर डोंगरावर पांढरा रंग आहे. पांढरं म्हणजे बर्फ ना? मग थंडी नाही कशी?"

बाईंनी वाकून तो पांढरा ठिपका पाहिला. "खरंच की. मग यातलं खरं कोणतं, ते मलाही माहीत नाही रे."

मित्रांनो, माझा संशय इथून सुरू झाला. एक काठ पाहिलेल्यांनी दिलेलं नाव अख्ख्या खंडावर पसरलं. ते कसं पसरलं, याची काही तरी गोष्ट आहे. पण एक कच्चा अर्थ पक्का म्हणून पुस्तकातून अख्ख्या शाळेवर कोणी पसरवला? आणि खालचं 'माहीत नाही' झाकून ठेवायची एवढी घाई कोणाला होती?

परीक्षेत तोच प्रश्न आला. वर्गाने लिहिलं, नक्की माहीत नाही, आणि सगळे अर्थ मांडले. सगळ्यांना शून्य. साहेब पुन्हा आले.

"पट्टी कोणी काढली?"

"गळून पडली," बाई म्हणाल्या. "गळली नसती तर मी काढली असती."

"'मी चुकीचं शिकवलं,' एवढं लिहून द्या. विषय संपला."

"खरं उत्तर तुम्ही सांगा, मग लगेच लिहून देते."

साहेबांनी कपाळ पुसलं. तेवढ्यात टिटवी उभी राहिली. "साहेब, थंडी नसलेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकाला कोणी सांगितलं?"

"खाली बस!"

बाईंनी काहीच लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना वर्गात यायची बंदी झाली. नवे सर आले, त्यांनी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि पोरांनी ती मुकाट उतरवून घेतली. मला खिळ्यावरून काढलं. मामा गुंडाळताना पुटपुटत होते, "चल बाबा, तुझीही बदली झाली." टिटवी मधल्या सुट्टीत दारापाशी येते, फटीतून विचारते, "बाई कधी येणार?" कोणी नसतं, म्हणून मलाच विचारते. मी काय सांगणार?

काल ऐकलं, सुट्टी लागली की ही खोली भंगारवाल्याला रिकामी करून द्यायची आहे. चौकशी अजून झालेली नाही. चौकशीच्या आधी पुरावा भंगारात कसा काय जातो हो?

मित्रांनो, नकाशे जपा. माझ्यासारख्यावर चहा सांडला तरी पुसता येतो. पण कुठे पट्टी डकवलेली दिसली, तर नखाने कोपरा उचलून बघा. बाई ओरडणार नाहीत.

आणि साहेब, तुम्ही. आफ्रिकेला ते नाव मुळात कशावरून पडलं, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. त्यात लाज कसली? पण बाईंना वर्गातून कोणी काढलं, हे तर तुम्हाला नक्की माहीत आहे. त्यांना परत कधी आणणार, तेही तुमच्याच हातात आहे. दाराशी ती पोर उभी आहे. भंगारवाला यायच्या आत तिला उत्तर द्या.