कळ्यांखालची लादी

फायदा म्हणाल तर वीस मिनिटांचा, शिवाय कंबर वाचली. तेवढ्यासाठी बर्फ कारखान्यातल्या कामगाराने सख्ख्या बहिणीच्या पेटीत लादीऐवजी चुरा भरला. लादी चिमट्याने ओढत जिन्यावरून उतरवावी लागते. चुरा पन्हळीतून आपसूक घसरतो. वजन तर तेवढंच!

ताईने बजावलं होतं, "अख्खी लादी हं. नऊ तासांचा रस्ता आहे. कळ्या उमलल्या तर दुकानदार हात लावायचा नाही."

"बर्फाचं तू मला शिकवतेस, ताई?"

"तुला कोण शिकवणार बाबा! जन्मापासून थंड तू."

त्याने पेटीचा तळकप्पा गोणपाटाने झाकूनच दिला. ताईने विश्वासाने वर कळ्या रचल्या.

फुलांचा धंदा दाजींचा. दहा वर्षं ताई नुसते देठ कापत होती. ही खेप पहिल्यांदाच तिने एकटीने पाठवली होती. नीट पोहोचली, तर बाहेरगावचा सगळा व्यवहार तिच्याकडे, असं दाजींनी चारचौघांत कबूल केलं होतं.

तिसऱ्या दिवशी पेटी परत आली. दाजींनी भावालाही बोलावून घेतलं. झाकण उघडलं, तर कळी न् कळी उमललेली. इतकी सुंदर नासाडी कुणी पाहिली नसेल.

"बर्फ नीट भरला होतास ना रे?"

त्याला सगळं ठाऊक होतं. लादीला ऊब फक्त बाहेरून लागते, आतलं अंग टिकून राहतं. चुऱ्याच्या कणाकणाला ती चहूबाजूंनी लागते. त्याने तोंड उघडलं, पण आवाज आला तो ताईचा.

"त्याला काय विचारता? गाडीला उशीर झाला, पेटी मीच उन्हात ठेवली."

"वाटलंच मला," दाजी म्हणाले आणि आत गेले.

भाऊ नळापाशी तिच्यामागे आला. "ताई, तो चुरा होता."

"माहितीये. निघताना कप्पा हलवला, तर आत खुळखुळत होतं. पण तेव्हा गाडी सुटत होती."

"मग खरं का नाही सांगितलंस?"

"तुझा मालक यांचा दोस्त. एक ताकीद मिळालीय ना तुला? दुसरीला घरी बसवतात."

बाहेरगावचा व्यवहार दाजींच्या पुतण्याकडे गेला. भावाची नोकरी शाबूत राहिली. त्याने जिना टाळला, त्याचा भुर्दंड ताईने दहा वर्षांच्या वाट पाहण्यातून भरला, आणि त्याला एका शब्दानेही मागितला नाही. मागितला असता, तर त्याला झोप तरी लागली असती.