भूधारकाच्या स्वाधीन

माती सर्वेक्षण कार्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी बिसाहूला जिन्याकडे वळवलं आणि वरचा मजला दाखवला. बाजूच्या खोलीत वाळलेल्या मातीची ढेकळं फोडत असलेली गंधाली दारामागे सरकली. हातातला लाकडी हातोडा तिने अलगद टेबलावर ठेवला.

"हमारे पास तो बस मिट्टी आती है भैया, थैली में," बाई म्हणत होत्या. "गड्ढा-वड्ढा सब फील्ड वाले देखते हैं."

फील्डवाल्यांकडूनच तो आला होता. आम्ही जागा ठरवतो आणि थर वाचतो, खणायला एजन्सीची माणसं असतात, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. एजन्सीचा माणूस व्हरांड्यातच भेटला. त्याचा ठेका खणण्याचा होता, पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. आता वरच्या मजल्यावर नकाशा विभागातला सचिन संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवून त्याचं शेत दाखवत असणार. सचिन अदबशीर होता. गावाकडून आलेल्या प्रत्येकाला तो शेत दाखवायचा.

बिसाहू सगळीकडे एकच विचारत होता.

"गड्ढा काकर ए?"

खड्डा कोणाचा, एवढंच. आवाज चढवत नव्हता. उत्तर मिळालं की मान डोलवायचा आणि सांगितलेल्या दिशेने चालू लागायचा.

सिलतऱ्याच्या पुढे, कारखान्यांची काळी धूळ जिथवर पोहोचते तिथे, कोदवाडीह नावाचं गाव आहे. तिथल्या बिसाहूच्या शेतात मातीचे थर पाहण्यासाठी माणूसभर खोल खड्डा खणला होता. अवकाळी पाऊस झाला, खड्डा काठोकाठ भरला, आणि शेतातलं पाणी कुठे संपतं आणि खड्ड्यातलं कुठे सुरू होतं ते दिसेनासं झालं. बिसाहूची बायको सुकवारा बैलासाठी तणस आणायला पहाटे त्या वाटेने गेली. ती दुपारी सापडली.

तो खड्डा गंधालीने खणून घेतला होता. काळी, खोल माती. गावात तिला कन्हार म्हणतात. भिंतीवर मातीचे तिरपे, चकचकीत पृष्ठभाग इतके स्वच्छ निघाले होते की तिने आनंदाने फोटो काढून प्रकल्पप्रमुख श्यामकांत देशकरांना पाठवले. लगेच त्यांचा फोन आला.

"उघडाच ठेव. मुख्यालयातले लोक येऊन राहिले ना पुढच्या हप्त्यात, त्यांले दाखवू. असा खड्डा पुस्तकातही नाही भेटत."

गाडी सामान घेऊन रस्त्याकडे गेली होती. गंधाली बूट झटकत असताना बिसाहू खांद्यावर फावडं घेऊन आला आणि पहिलं ढेकूळ आत लोटणार, तेवढ्यात तिने हात वर केला. राहू दे, म्हणाली, साहेब लोक बघायला येणार आहेत. बिसाहूला त्याचं अप्रूप वाटलं. आपल्या शेतात साहेब लोकांनी पाहावं असं काही आहे, हे त्याने तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग मुख्यालयाचा दौरा पुढे गेला. ते त्याला कोणी कळवलं नाही.

"गंधाली मॅडम, सर बोलावतात," शिपाई दारात येऊन म्हणाला.

श्यामकांत खुर्चीत मागे रेलून बसले होते. त्यांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि एक तिच्यापुढे सरकवला.

"बस. तो अजून हिंडूनच राहिला ना?"

"हो सर. त्याला काहीतरी सांगायला पाहिजे."

"त्याच्यासाठीच तुले बोलावलं." त्यांनी टेबलावरची कार्यक्रमाची मार्गदर्शिका उघडली. "हे पाय. जागा ठरवणं, थर वाचणं, हे क्षेत्रीय पथकाचं. खणणं एजन्सीचं. तपासणी प्रयोगशाळेची. सीमा आखणं नकाशा विभागाचं. मातीले नाव देणं मुख्यालयाचं. आता सांग, भरणं कोणाचं?"

"कोणाचंच लिहिलेलं नाही."

"लिहिलं आहे. आपण नीट वाचत नाही." त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "नमुने घेतल्यानंतर जागा भूधारकाच्या स्वाधीन करावी."

गंधालीने कपाला हात लावला, उचलला नाही.

"स्वाधीन म्हणजे खड्ड्यासकट," श्यामकांत म्हणाले.

"सर, तो भरायलाच आला होता. फावडं घेऊन. मीच नको म्हणाले."

"तिथं अजून कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"मग?"

"तुम्हीच सांगितलं होतं उघडा ठेवायला. फोनवर."

श्यामकांतांना राग आला नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि बाजूला ठेवलं.

"सांगितलं असेल. फोनवर मी कितीक गोष्टी सांगतो. तुले वाटते तर जा, त्याले खरं काय ते सांग, मी अडवत नाही. पण लोक विचारतील खड्ड्यापाशी कोण उभं होतं, तेव्हा तू एकटीच दिसशील पोरी. तुझा करार या मार्चला संपते. मी वर तुझं नाव पाठवून राहिलो कायमसाठी. पोलिसांच्या कागदात ते नाव आधी गेलं तर मी तरी काय करू?"

"दुसऱ्या कोणाला सांगायला लावा ना, सर."

"त्याले पटलं पाहिजे ना. हिंदीत सांगितलं तर वाटते, साहेब लोक टाळून राहिले. तुले त्याची बोली येते. तुम्ही इथलेच, भोसल्यांच्या काळापासूनचे. आम्ही काय, अमरावतीचे, नोकरीपुरते."

तात्यापाऱ्याच्या मराठी वस्तीत वाढलेल्या गंधालीला छत्तीसगढी दूध घालायला येणाऱ्या बाईने शिकवली होती. घरी पाहुणे आले की वडील तिला बोलून दाखवायला लावायचे, आणि पाहुणे हसायचे. तिने चहाचा एक घोट घेतला. तो गार झाला होता.

जिन्याच्या तळाशी बाकावर बसलेल्या बिसाहूने तिला उतरताना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला ओळखीचा चेहरा दिसला होता.

"दीदी!"

त्याने हात जोडले. तिने त्याला वर नेलं. श्यामकांतांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, उरलेला चहा कपात ओतून त्याच्या हातात दिला. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

गंधाली त्याच्या बोलीत बोलू लागली. सुरुवातीला सुकवाराबद्दल बोलली, फार वाईट झालं म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नंतर तिने कामांची वाटणी सांगितली. कोण जागा ठरवतं, कोण खणतं, माती कुठे जाते, नकाशा कोण काढतं. तो नीट ऐकत होता. तिचा आवाज मऊ होता, शब्द एकही अडखळत नव्हता. शेवटी ती म्हणाली की नमुने काढून झाले की खड्डा शेतमालकाचा होतो आणि तो बुजवणं शेतमालकाचं काम असतं.

बिसाहूने कप गुडघ्यावर टेकवला.

"मोर काम रहिस?"

"हव, भैया."

तो वाद घालण्याच्या नव्हे, तर काहीतरी जुळत नाहीये अशा स्वरात म्हणाला, "फेर मैं तो भरे बर आय रहेंव, दीदी. ओही दिन. तुमन राहन दे कहे रहेव." त्याच दिवशी मी भरायला आलो होतो, तुम्हीच राहू दे म्हणालात.

श्यामकांत गंधालीकडे पाहत होते. बिसाहूही पाहत होता.

"मोला सुरता नइ ए," गंधाली म्हणाली.

आठवत नाही, म्हणाली. ती वाट पाहत राहिली की तो आता उठेल, ओरडेल, कप फेकेल. बिसाहू कपाळावर आठी घालून आठवू लागला. त्या संध्याकाळी फावडं खांद्यावर होतं की नव्हतं, ती काय म्हणाली होती, खरंच म्हणाली होती का, सगळं तो मनात उलटंपालटं करून पाहत असावा. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"होही," तो म्हणाला. "मोर चेत घलो ठिकाना म नइ ए."

असेल तसं. माझं डोकंच ठिकाणावर नाही. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला होता.

"त अब मैं भर दँव ओला?"

"काय म्हणते?" श्यामकांतांनी विचारलं.

आता भरू का, असं तो विचारत होता. सरपंच म्हणतो, सरकारी खड्डा आहे, हात लावू नका. त्यामुळे गावात कोणी भरू देत नाही. पाणी उपसलं, पण खड्डा तसाच आहे, आणि त्याची लहान पोरगी रोज जाऊन काठावर बसते. आई आत आहे म्हणते. खड्डा ज्याचा आहे त्याच्या हातापाया पडून तो बुजवून घ्यावा, म्हणून तो आला होता.

गंधालीने हे सगळं मराठीत श्यामकांतांना सांगितलं. 

"हाँ, हाँ, भर दो," श्यामकांत लगबगीने बिसाहूला म्हणाले. "आज ही भर दो. तुम्हारा ही तो है."

बिसाहूने चहा संपवला. व्हरांड्यातल्या नळाखाली कप विसळून त्याने तो परत टेबलावर आणून ठेवला, दोघांना हात जोडले आणि निघाला.

"सर, त्याला फक्त परवानगी पाहिजे होती," दार लागल्यावर गंधाली म्हणाली.

"आपल्याले कुठं माहीत होतं?" श्यामकांत म्हणाले. थर्मासचं झाकण लावताना पुन्हा म्हणाले, "आपल्याले काय माहीत."

खिडकीतून बिसाहू दिसत होता. फाटकाबाहेर रस्ता ओलांडायला थांबला होता. एकामागून एक ट्रक जात होते आणि त्याला मध्ये शिरता येत नव्हतं. खाली उतरून फाटकापर्यंत जाण्याइतका वेळ होता. गंधाली खिडकीशीच उभी राहिली, तो पलीकडे जाईपर्यंत.

मार्चमध्ये तिचं नाव कायम झालं. श्यामकांतांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि खारून नदीपलीकडची गावं तिच्याकडे सोपवली.

महुआची फुलं गळायला लागली होती तेव्हा ती तिकडच्या एका गावात खड्ड्यात उतरली. भिंतीला पट्टी लावून थर मोजत असताना वर सावली पडली. शेताची मालकीण, पन्नाशीची बाई, फावडं घेऊन काठावर येऊन उभी होती. अजून वेळ लागेल, घरी जा, असं गंधालीने तिला सांगितलं. बाई गेली नाही. फावडं आडवं ठेवून त्यावरच बसली. भरून झाल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. हे काम ज्याच्या शेतात खड्डा असतो त्याचं असतं.

"कोणी सांगितलं?" गंधालीने खालून विचारलं.

कोण सांगायचं, बाई म्हणाली, चारही बाजूंच्या गावांना ठाऊक आहे. कोदवाडीहच्या एका माणसाने आळस केला, खड्डा बुजवला नाही, आणि त्यात त्याची बायको गेली. स्वतःच सांगत फिरतो, माझं काम होतं म्हणून. बायकोच्या माहेरचे आले आणि पोरगी घेऊन गेले. अशा माणसाकडे पोर कोण ठेवील? आता तो शेतातही जात नाही. दारात बसून असतो.

गंधालीने चाकूचं टोक भिंतीत खुपसलं, थोडी माती तळहातावर घेतली आणि पाण्याचे थेंब टाकून बोटांनी मळू लागली.

बाई काठावरून वाकली. तुम्ही लोकांनी तर त्याला समजावून सांगितलं होतं ना, असं तिला विचारायचं होतं.

"तुमन त ओला समझाय रहेव न, दीदी?"

"हव," गंधाली म्हणाली. "समझाय रहेंव."