सोमवारची कोरी ओळ

ऑफिसात मला सगळे शिक्केवाल्या बाई म्हणतात. मला राग येतो, तरी तोंडावर म्हणतात. येणाऱ्या कागदावर शिक्का मारून तो आवक नोंदवहीत चढवायचा, जाणाऱ्या कागदाला जावक नोंदवहीत नंबर आणि तारीख द्यायची, हे माझं काम. एकोणीस वर्षं करतेय. आणि एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी जावक नोंदवहीत दोन ओळी कोऱ्या सोडतेय. कुठल्याही नियमात बसत नाही ते. पण साहेबांना एखादं पत्र उशिरा सुचतं आणि तारीख मात्र मागची हवी असते, तेव्हा त्यातली एक कामाला येते.

आमचे साहेब दहा वर्षं इथेच चिकटून आहेत. बदलीचा आदेश येतो आणि त्याच्या मागोमाग तो रद्द झाल्याचा येतो. दरवर्षी कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम ते आम्हाला उभं करून स्वतः वाचून दाखवतात. ‘महिला कर्मचाऱ्यांशी सभ्यतेने वागावे’ हे वाक्य तर दोनदा वाचतात, मेले.

त्या मंगळवारी स्टेनो माझ्या टेबलाशी आली. दीड वर्षापूर्वी लागलेली पोरगी. ऑफिसात अजूनही तिला ‘नवीन’च म्हणतात. तिने एक उघडा कागद समोर ठेवला. अंतर्गत तक्रार समितीच्या नावे होता.

"ताई, शिक्का मारा आणि मला पोच द्या."

मी वाचला. डिक्टेशनच्या निमित्ताने दार लावून घेणं, खुर्चीमागे उभं राहून खांद्यावर हात ठेवणं, रविवारचे फोन, ‘एकटीच असतेस ना?’ असले मेसेज. सगळं तारीखवार. खरं सांगते, मला राग आला तो तिचाच. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ही बया माझ्या टेबलावर निखारा आणून ठेवत होती. तरी शिक्का मारला आणि पोच दिली.

तक्रार साहेबांच्या कानावर गेली आणि गुरुवारी त्यांनी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात स्टेनोच्या नावाचा मेमो होता. कामात हलगर्जी, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. खाली ‘घेण्यास नकार दिला’ असा शेरा. तारीख सोमवारची.

"बाई, सोमवारी जागा असेल ना?"

"आहे."

"मग चढवून टाका. मेमो मिळाला म्हणून पोरगी सूड उगवतेय, हे समितीला आपोआप कळेल."

मी चढवला. मला कळत नव्हतं असं नाही, सगळं कळत होतं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

रविवारी दुपारी घरी हा विषय काढला. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आठ महिने. आंधळी हो, बहिरी हो, पण गप्प बस."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "तो कागद लिहिला कोणी?" त्यांनी विचारलं.

"साहेबांनी. मी फक्त वहीत चढवला."

"फक्त," त्या म्हणाल्या आणि भाजीची परात उचलून आत गेल्या.

पंधरा दिवसांनी समिती बसली. अध्यक्षबाई दुसऱ्या कार्यालयातल्या होत्या. स्टेनो एका टोकाला, साहेब दुसऱ्या टोकाला. माझी नोंदवही मध्ये उघडी ठेवलेली. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ना, ते मांजर मी. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा मेमो सोमवारीच निघाला?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब हसून म्हणाले, "मॅडम, आमच्या शिक्केवाल्या बाईंना कशाला त्रास देता? दहा वर्षांत मी जे सांगितलं ते त्यांनी केलंय. एकदाही का म्हणून विचारलं नाही."

ते माझं कौतुक करत होते. भरल्या खोलीत कुणीतरी थोबाडीत मारावी तसं मला वाटलं, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

"नाही," मी म्हणाले. "सोमवारी मेमो नव्हता. मी सोमवारी ओळ सोडली होती. मंगळवारी तक्रार आली. गुरुवारी यांनी मेमो दिला, तो मी सोमवारच्या ओळीत चढवला."

साहेब ताडकन उठले. "बाई, शुद्धीवर आहात का? तुमच्यावर कारवाई होईल!"

"होऊ दे. तुमच्यावर आधी होऊ दे," मी ओरडले. अध्यक्षबाईंनी दोघांनाही गप्प बसवलं आणि मला सगळं लेखी द्यायला सांगितलं. मी एक पानभर लिहून सही केली. घरी काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, पण मान ताठ होती.

बाहेर व्हरांड्यात स्टेनो उभी होती. ती आभार मानेल असं मला वाटलं. कशाला खोटं बोलू, मी वाटच बघत होते.

"पूर्वी इथे एक स्टेनो होत्या, त्या आठवतात तुम्हाला?" तिने विचारलं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई अकरा महिने टिकली होती. तिनेही तक्रार दिली होती, मग तिच्या नावाचा, तक्रारीच्या आधीची तारीख असलेला मेमो समोर आला, मग तिने तक्रार मागे घेतली आणि राजीनामा दिला.

"मी त्यांना शोधून काढलं," स्टेनो म्हणाली. "त्या म्हणाल्या, तक्रार करू नकोस, त्या ऑफिसात तारखा मागे जातात. त्या शिकवण्या घेऊन घर चालवतात आता. ताई, त्यांचा मेमोही तुम्हीच चढवलात ना?"

"हो."

"मग ते लिहिलंत आत?"

नव्हतं लिहिलं. तिने दाराकडे बोट दाखवलं. "जा. लिहून या."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी एकदा नाही, दोनदा झाले होते. मी परत आत गेले. साहेब जागेवर नव्हते. अध्यक्षबाईंकडून माझा कागद मागून घेतला, पेन उघडलं आणि लिहायला लागले: ‘सात वर्षांपूर्वी याच कार्यालयातील स्टेनो श्रीमती’.

पुढे पेन चालेना. तिलाही आम्ही सगळे ‘नवीन’च म्हणायचो. तिचं नाव मी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं, आणि मला ते आठवत नव्हतं.