बांधावरची वांगी

तिसरा महिना लागला तेव्हापासून मी पांढुर्ण्याच्या बाजारातून भाजी घेणं बंद केलं होतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये हे औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं, आणि भाव चढला की ते दिवस कुणी मोजत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तिगावला माझ्या थोरल्या भावाला, गुणवंताला, सांगितलं: बाळासाठी बिनफवाऱ्याची भाजी पाठव. दर सोमवारी पिशवी यायची.

"घरचंच हाय, रजनी. औषधाचा थेंब नाही," तो फोनवर म्हणायचा. चार महिने.

या रविवारी मी न सांगता शेतावर गेले. भाऊ पाठीवर पंप घेऊन मोठ्या वाफ्यातल्या वांग्यांवर फवारत होता. उषावहिनी बांधालगतच्या दोन ओळींतून तोडत होती. बुटकी वांगी, छिद्रं पडलेली. आमच्याकडे बहुतेक शेतांत अशा एकदोन ओळी असतात, घरच्या खाण्याच्या. तिथे पंप नेत नाहीत.

खाटेवर माझी पिशवी भरलेली होती. आतली वांगी चकचकीत, एकालाही छिद्र नाही. देठांशी पांढरट डाग सुकले होते.

"वहिनी, ही कोणत्या ओळीतली?"

तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं पंप उतरवला.

"अवं, लेकीच्या पिशवीत किडकी वांगी घालू काय? तुही सासू म्हणन, माहेरच्याईनं ढोराचं धाडलं."

"मी किडकीच मागितली होती, भाऊ."

"मागितली. मास्तरीनबाई हायेस, काहीबी मागशीन!" तो हसला. मी हसले नाही.

"तुझी पोरं कोणती खातात?"

त्यानं पंपाचं झाकण आवळलं. वहिनीच बोलली, "बांधावरची. दोन ओळीत आमचंच भागत नाही, रजनीबाई. तुम्हाले कुठून देऊ?"

"मग तसं सांगायचं होतं."

"मिठाच्या पाण्यात धुऊन घे ना," भाऊ म्हणाला, माझ्याकडे न बघता.

काही औषधं झाड आत शोषून घेतं, ती धुऊन निघत नाहीत. हे मी त्याला याच खाटेवर बसून समजावलं होतं, आणि त्याला ते समजलं होतं. त्याची पोरं बांधावरचं खात होती ती उगाच नाही.

पिशवी तिथेच ठेवून मी निघाले. "बाई, रिकाम्या हातानं जाऊ नको," तो मागून म्हणाला. मी थांबले नाही.

पांढुर्ण्यात उतरल्यावर बाजारात एका अनोळखी भाजीवालीला विचारलं, "ही वांगी कधी फवारली?"

"काल्हच. खोटं कायले सांगू?" तिची नजर माझ्या पोटावर गेली. "तुम्ही नका नेऊ. कोहळं न्या, जाड सालीचं. साल काढून टाकजा."

तिनं अर्धं कोहळं तराजूत ठेवलं. मी पदरानं डोळे पुसले, आणि अर्ध्याऐवजी अख्खं घेतलं.