मोकळ्या जागेचं गाणं

कळसाडीच्या शेतकरी कंपनीच्या आवारात कापसाच्या गाड्या रित्या होत होत्या. ओट्यावर मोहिनी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आज जमलं नाही तर कापसाचे भाव सांगणाऱ्या तिच्या अ‍ॅपचं काम सुरतच्या प्रोग्रामरकडे जाणार होतं.

मागच्या हंगामात तिनं एकच अ‍ॅप दोनदा लिहिलं होतं. एक इथल्यांसाठी, एक सीमेपलीकडच्या गुजरातच्या सभासदांसाठी. इथं भाव क्विंटलचा, तिकडे वीस किलोच्या मणाचा. घाईत तिनं इकडची दुरुस्ती तिकडे चिकटवली आणि क्विंटलचा भाव मणाला, म्हणजे पाचपट, दिसू लागला. पलीकडून गाड्यांवर गाड्या आल्या, वरातीसारख्या. तेव्हापासून गाव तिला 'मणवाली' म्हणतं.

"पुन्हा तसं व्हयनं ते काम सुरतले जाई, पोरी," चेअरमन भाईदासआबा म्हणाले.

"आबा, आता अ‍ॅपला मण ठाऊक नाही नि क्विंटलही नाही."

"मंग भाव सांगस कोन?"

"तुमच्या नातीच्या हळदीला बाया गात होत्या ना? चाल तीच, ओळी त्याच, फक्त नवरदेवाच्या नावाची जागा मोकळी. ज्याचं लगीन, त्याचं नाव बाया तिथं घालतात. माझं अ‍ॅप तसंच. ते फक्त म्हणतं, 'भाव सांग.' सांगणारा मी बाहेरून देते. इथल्या अ‍ॅपला क्विंटलवाला, तिकडल्याला मणवाला. अट एकच, विचारलं की त्याला भाव सांगता आला पाहिजे."

"गानं गोड शे. पन आमना जामसिंगनं काय?"

धडगावच्या डोंगरातला जामसिंग गाठोड्यावर बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. भाव कानांनी ऐकायला, त्याच्या पावरी बोलीत हवा होता.

मोहिनीनं फोन त्याच्यापुढे धरला. "दादा, कापूस, भाव, आणि आकडे. तुमच्या बोलीत बोला."

तो लाजत बोलला. तिनं एक नवा सांगणारा लिहिला, बोलणारा. जुन्या ओळींना बोटही लावलं नाही. आबांचा चहा तसाच निवला.

मग ओट्यावर तीन फोन शेजारी ठेवले. पहिल्यावर क्विंटल, दुसऱ्यावर मण, दोन्ही बरोबर. तिसरा मात्र पावरीत बोलला, खणखणीत, जामसिंगच्याच आवाजात. गाडीवरची माणसं खाली उतरून आली.

जामसिंग कान लावून ऐकत राहिला. "हा तर माझ्यापेक्षा नीट बोलतो."

आवारभर हसू पसरलं, पिंजलेल्या कापसासारखं.

आबांनी सुरतला फोन लावला आणि येऊ नका म्हणून गुजरातीत कळवलं. "आववानुं रहेवा दो, भाई." मग काम कोण करणार, अशी पलीकडून विचारणा झाली. आबांनी मोहिनीकडे पाहिलं, मिशीत हसले आणि अहिराणीतच सांगून टाकलं,

"कोन म्हंजे? आमनी मणवाली शे ना."