कॅटीचं गाणं

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज आता बसला आहे, लांबून ऐकू यायचा नाही. एक गोष्ट सांगते. ती सांगताना शरमेने मान खाली जावी अशीच आहे. पण मला मान कुठली? म्हणून अर्धं झाकण मिटून सांगते.

मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी सूर काढायचे, तशातली. डब्लिनच्या एका सुताराने मला घडवलं आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावी, चर्चमध्ये मी आले. काय ते दिवस! फादरांचं निरूपण रंगात यायचं, ते मला खूण करायचे आणि ओल्या लोकरी कोटांतलं सगळं गाव एका सुरात देवाला हाक मारायचं. माझ्या भात्यात भरणारा वारा तेव्हा मला देवाचाच श्वास वाटे.

पुढे चर्चमध्ये नवी पेटी आली आणि मी मॅलनबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांचा मुलगा फेलिम माझ्यावर शिकला. संध्याकाळी शेजारची डेलिया कोईन विणकाम घेऊन यायची.

"गाणार आहेस की नुसती लाजणार? चहा गार होतोय," मॅलनबाई म्हणायच्या.

"तुझा चहा गरम असला तरी पाणीच की तो!" डेलिया म्हणायची.

मग मॅलनबाई तिचा हात हातात घेत. त्या गावात गाणाऱ्याचा हात धरून, चाक फिरवावं तसा सावकाश फिरवत ऐकायची रीत होती. आणि गाण्याआधी एक प्रश्न ठरलेला.

"कोणाकडून घेतलंस?"

"माझ्या आत्याकडून, कॅटीकडून. नवरा समुद्रावरून परतला नाही, तेव्हा तिने बांधलं."

नाव घेतल्याशिवाय डेलिया तोंड उघडत नसे. आणि ते गाणं सुरू झालं की उकळत्या बटाट्यांचं भांडं चुलीवरून उतरवायचंही कुणाला सुचत नसे.

फेलिम डब्लिनला गेला, मलाही घेऊन गेला. मैफलींसाठी त्याने रचना केल्या; ऐकायला येत मोजके लोक, त्यातले निम्मे खोकणारे. नाटकांना संगीत दिलं. ते लोकांना आवडलं. मग एका सिनेमाचं काम आलं. कोळ्याच्या विधवेची गोष्ट होती. दिग्दर्शकाला एकही चाल पसंत पडेना. एके दुपारी फेलिमने माझ्यावर कॅटीचं गाणं वाजवलं, नुसती चाल, दोन सूर इकडचे तिकडे करून.

दिग्दर्शकाने डोळे पुसले. "कुठून आणलंस रे हे?"

फेलिमचे पाय माझ्या भात्यावर थांबले. मी श्वास रोखून धरला. एक नाव घ्यायचं होतं, बास.

"सुचलं असंच," तो म्हणाला.

सिनेमा गाजला. पडद्यावर संगीतकार म्हणून एकट्या फेलिमचं नाव झळकलं. बक्षिसं आली, ती माझ्याच झाकणावर मांडली गेली. लोक कौतुक करायचे आणि फेलिम खिडकीबाहेर बघायचा. त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. माझ्यावर एक शाल टाकली. गावीही जाईनासा झाला. दर नाताळला डेलियाचा मनुकांचा केक टपालाने यायचा. तो न उघडताच खालच्या मजल्यावर देऊन टाकायचा. केकसोबत कधी एक तक्रारीचा शब्द आला नाही. आला असता, तर बरं झालं असतं.

पुष्कळ वर्षांनी गावाने त्याचा सत्कार ठरवला. या वेळी त्याने शाल काढली. "आता तिच्यासमोरच सांगतो," असं पुटपुटत त्याने मला गाडीत चढवलं.

गावच्या सभागृहात दुपारी तो मला पुसत होता, तेवढ्यात डेलियाची भाची ऊना तिला हात धरून घेऊन आली. डेलिया पार वाळली होती.

"हा फेलिम, मॅलनबाईंचा," ऊनाने ओळख करून दिली.

"मॅलनबाईंचा? मग चहा करू देऊ नका याला," डेलिया म्हणाली.

ऊना हसली आणि हळूच म्हणाली, "हल्ली हिला काही आठवत नाही."

फेलिमने ओठांशी आणलेले शब्द गिळले. माफी मागायची कोणाची? तो माझ्यापुढे बसला आणि कॅटीचं गाणं गाऊ लागला, शब्दांसकट, सगळे सूर जागच्या जागी ठेवून. डेलिया उठली, त्याच्याजवळ आली. त्याचा एक हात तिने हातात घेतला आणि सावकाश फिरवू लागली. एका हाताने तो वाजवत राहिला.

गाणं संपलं. "किती गोड रे पोरा," ती म्हणाली. "कोणाकडून घेतलंस?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. फेलिमने मान खाली घातली. "डेलिया कोईनकडून."

"बरी गायची का ती?"

"माझ्यापेक्षा फार चांगली."

"आणि तिने कोणाकडून घेतलं?"

"आत्याकडून. कॅटीकडून."

"मग आधी नाव घ्यायचं, वेड्या. गाणं मागून."

सत्काराच्या वेळी गच्च भरलेल्या सभागृहात फेलिमने आधी ती दोन नावं घेतली आणि सिनेमातली चाल आपली नाही, हे सांगितलं. टाळ्या नाही वाजल्या. लोक पायांकडे बघत बसले. पहिल्या रांगेत डेलिया शेजारणीला विचारत होती, "कोण गं ही डेलिया?"

मित्रांनो, सिनेमावर अजून फेलिमचंच नाव आहे. ते काही पुसता आलं नाही. मी आता याच सभागृहाच्या कोपऱ्यात असते. माझे काही सूर मुके झाले आहेत, भात्याला चिरा पडल्या आहेत. माझी धूळ पुसलीत तर आनंदच आहे. पण त्याआधी एक करा. कोणाचं गाणं ओठांवर आलं, तर आधी त्याचं नाव घ्या. आणि देवासमोर हात जोडाल तेव्हा दोघींची आठवण ठेवा: ज्या कॅटीने रडून ते गाणं बांधलं तिची, आणि जी डेलिया प्रत्येक वेळी आधी तिचं नाव घेत असे, तिची.